हिच्यानं डुक्कर मरते काय?

वाशीम जिल्ह्यात बंदुकीचे तीनच प्रकार लोकांना ठाऊक आहेत. वावरात रोही आणि रानडुकरं रात्रभर पंगत मांडून बसतात, त्या शेतकऱ्याला जी हवीशी वाटते पण मिळत नाही, ती पहिली. एखादा पुढारी लग्नात अक्षता टाकायला हात वर करतो तेव्हा त्याच्या सदऱ्याखालून अर्धीच दिसते, ती दुसरी. आणि तिसरी जत्रेतली, फुगे फोडायची. तिची नळी दुकानदारानं मुद्दाम वाकडी करून ठेवलेली असते, यावर शिरपूरपासून पोहरादेवीपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. कॉलेजात एनसीसी केलेले काही जण चौथीही सांगतात, .२२ ची, सतरंजीवर पालथं पडून पाच गोळ्या मारल्याची. पण त्यांच्या त्या पाच गोळ्या दर वर्षी थोड्या थोड्या मधोमध सरकत जातात, म्हणून तो प्रकार हिशेबात धरू नये.

मंगरुळपीरला माझ्या बहिणीच्या घरी आलेली रायफल यातल्या कुठल्याच प्रकारात बसेना.

मूळ कारण स्वप्निल कुसळे. १ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या पोरानं पॅरिस ऑलिंपिकात ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतलं. मध्य रेल्वेतला तिकीट तपासनीस! त्या दुपारी महाराष्ट्रातल्या किती घरांत ‘आपल्यालाही जमेल’ असं वाटलं असेल कोण जाणे. बहिणीच्या घरी ते भाच्याला वाटलं. पोरगं हट्टाला पेटलं, भाऊजींनी वर्षभर ‘पाहू’ म्हणून काढलं, आणि शेवटी एक दिवस लांबलचक काळी पेटी दारात उतरली.

पेटी उघडली तेव्हा ओसरीवर आठ-दहा माणसं तरी होती. आत फोममध्ये निजलेली वस्तू पाहून आधी कोणी बोललंच नाही. लाकडाचा दस्ता नाही. त्या जागी ॲल्युमिनियमची निळी पट्टी, तिला खालीवर सरकणारी गालाची पट्टी, मागे खांद्याला अडकवायचा आकडा, पुढे तळहातासाठी एक ठोकळा, आणि प्रत्येक तुकड्याला दोन-दोन स्क्रू. नळीखाली दाबलेल्या हवेचं नळकांडं, त्याच्या टोकाला घड्याळाएवढी तबकडी. वरच्या साइटला भिंगसुद्धा नाही, नुसतं बारीक भोक. पेटीच्या कोपऱ्यात ॲलन कींचा अख्खा संच.

“सायकलचं सामान आहे काय जी हे?” शेजारच्या काकांनी विचारलं.

रायफल आहे म्हटल्यावर काका जवळ सरकले. त्यांचं चार एकर वावर नाल्याच्या काठाला आहे आणि यंदा तुरीत किती शेंगा त्यांनी खाल्ल्या नि किती डुकरांनी, याचा वाद अजून मिटलेला नाही.

“हिच्यानं डुक्कर मरते काय?”

“नाही काका.”

“रोही?”

“नाही. ही कागदावर मारायची.”

“कागदावर. किती दुरून?”

“दहा मीटरवरून.”

काकांनी अंगणातल्या तुळशीकडे पाहिलं, मनात अंतर मोजलं. “म्हंजे इथून तुळशीपावतर?”

“हो.”

“मंग चालत जाऊन बोट लावून ये ना बापा!”

यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ऑलिंपिक समितीकडेही असेल असं मला वाटत नाही.

किमतीचा प्रश्न यायचाच होता. अडीच लाखांच्या घरात, असं भाऊजींनी हळू आवाजात सांगितलं. आमच्याकडे कुठलीही रक्कम सोयाबीनमध्ये बदलल्याशिवाय पचत नाही. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. त्या हिशेबानं रायफल एक्कावन क्विंटलांना पडली. बाजार समितीत प्रत्यक्ष जो भाव मिळाला त्या हिशेबानं किती होतात, हे काढायला भाऊजींनी सगळ्यांना मनाई केली. एक्कावन क्विंटल सोयाबीन देऊन आणलेली आणि डुक्कर न मारणारी बंदूक पाहायला पुढचे काही दिवस माणसं येत राहिली. बहिणीची साखर आणि चहापत्ती किती संपली ते या किमतीत धरलेलं नाही.

आता त्या कागदाविषयी. दहा मीटर एअर रायफलचं लक्ष्य हातात घेतलं तर तळहातावर मावतं. मधलं काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचं, आणि त्याच्या अगदी मध्ये दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. म्हणजे ज्याला मारायचं त्याच्यापेक्षा मारणारा नऊपट जाड. छर्ऱ्याची कड ठिपक्याला नुसती शिवली की दहा. पण हल्ली एवढ्यावर भागत नाही. दहाच्याही पुढे १०.१, १०.२ असं करत १०.९ पर्यंत पायऱ्या केल्यात, आणि एकेक पायरी पाव मिलिमीटरची आहे. काकांना हे समजावलं तेव्हा त्यांनी कागद उन्हात धरला, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, “ठिपका कुठी आहे त्यात?” असे साठ छर्रे पंचाहत्तर मिनिटांत उभ्यानं मारायचे. दहाच्या ऐवजी नऊ लागला तर पोरगं दिवसभर जेवत नाही. त्याच घरात गणितात पस्तीस पडले होते तेव्हा त्यानं दोन वाट्या श्रीखंड खाल्लेलं मी पाहिलं आहे.

गावातले निवृत्त तलाठी यांचा विषय वेगळा. त्यांना ठिपक्यात रस नव्हता, कागदात होता. “परवाना दाखवा.” भाच्यानं सांगितलं की परवाना लागत नाही: २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस ज्यूलच्या आत जोर असलेल्या हवेच्या बंदुकीला परवान्यातून सूट आहे. बिनपरवान्याची बंदूक कायद्यात बसते, हे ऐकून तलाठीकाकांच्या चेहऱ्यावर जे दुःख पसरलं ते मी विसरणार नाही. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला एखादी वस्तू नोंदीशिवाय अस्तित्वात असू शकते हे सहन होत नाही. “कुठंतरी चढवून ठेवा,” ते जाताना म्हणाले, “सातबाऱ्यावर इतर हक्कात तरी.”

कुसळेच्या हातात असते ती .२२ घ्यायची असती तर मात्र तलाठीकाकांना स्वर्ग दोन बोटं उरला असता. अर्ज, पोलिसांची चौकशी, जिल्हाधिकारी कार्यालय, खेळाडू असल्याचे दाखले. शिवाय निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या. रायफल असोसिएशनच्या सदस्य खेळाडूंना त्यातून सवलत असते, पण सवलत आहे हे ठाण्यातल्या माणसाला पटवून देणं हा ऑलिंपिकात नसलेला नेमबाजीचा चौथा प्रकार आहे. गुडघ्यावर, पालथं, उभ्यानं, आणि बाकावर बसून.

परवान्याचं संकट टळलं तरी जागेचं उरलंच. घरात दहा मीटर सरळ रेषा कुठून आणायची? वाडा जुना असल्यानं एकच रेषा निघाली: ओसरीतून माजघर ओलांडून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत. भिंतीला लोखंडी पेटी, पेटीत कागद, मागे जाड फळी, आणि घरातल्या सगळ्यांच्या हालचालींवर बंदी. सकाळी सहा ते साडेसात या वेळात देवघरात जायचं तर मागच्या परसातून वळसा. भाच्याची आजी पहिल्या दिवशी हातात फुलांची परडी घेऊन माजघराच्या दारात थबकली आणि ओरडली, “येऊ काय रे?” त्या हाकेसरशी छर्रा सातात गेला. दुसऱ्या दिवसापासून आजी ओरडत नाही, नुसती उभी राहते. पण आजी दाराआड उभी आहे हे माहीत असताना श्वास रोखून चाप दाबणं जास्त अवघड असतं, असं भाचा सांगतो. बरेच दिवस तर तो छर्रा न भरताच सराव करतो. कोरडा सराव म्हणतात त्याला. रायफल उचलायची, नेम धरायचा, चाप ओढायचा, ‘टक्’ आवाज येतो, आणि काहीच होत नाही. आजी विचारते, “झालं काय?” तो म्हणतो, “झालं.” ती पेटीजवळ जाऊन कोरा कागद पाहते आणि गप्पच राहते. नातवाच्या अब्रूचा प्रश्न आहे.

माझ्या पाहण्यात तरी हा छंद नेमबाजीचा कमी आणि स्क्रूंचा जास्त आहे. गालाची पट्टी दोन मिलिमीटर वर घेतली की डोळा भोकाच्या बरोबर मागे येतो, पण मग मान अवघडते. मान सोडवायला मागचा आकडा खाली, आकडा खाली की तोल पुढे, तोल मागे आणायला दस्त्याच्या तळाशी वजनं. वजनं लावून रायफल साडेपाच किलोच्या वर गेली तर नियमात बसत नाही, म्हणून एक वजन काढायचं, आणि पुन्हा गालाच्या पट्टीपासून सुरुवात. प्रत्येक स्क्रूची जागा वहीत लिहिलेली. संध्याकाळी सगळं मनासारखं जुळतं आणि सकाळी काहीच जुळत नाही, कारण माणूस रात्रीत बदललेला असतो. जेवण जास्त झालं, कुशीवर झोपला, हवा दमट झाली. रायफल जर्मनीतल्या उल्म गावची. याच गावात आइन्स्टाइन जन्मला, पण नेमबाजांच्या लेखी ते वॉल्थर आणि अनशुट्झ या कारखान्यांचं गाव आहे. तिथल्या माणसांनी सगळं हलवता येईल अशी सोय केली आहे, म्हणजे नेम चुकल्यावर कारखान्याला दोष द्यायची वाटच त्यांनी बंद करून टाकली.

.२२ वाल्यांचं वेड याहून पुढचं. तिथे नळी आणि गोळी यांची पत्रिका जुळवावी लागते. गंमत नाही. एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर, एकाच नावाच्या गोळ्या बनतात, तरी प्रत्येक घाणीला वेगळा क्रमांक असतो, आणि एका नळीला एक घाणी मानवते, दुसरी नाही. मग मोठे नेमबाज रायफल घेऊन इंग्लंडला बर्मिंगहॅममध्ये एलीच्या कारखान्यात जातात किंवा जर्मनीत लापुआच्या चाचणीघरात. तिथे नळी शिकंज्यात आवळतात, म्हणजे माणसाचा थरथरणारा हात मध्ये येत नाही, आणि एकामागून एक क्रमांकाच्या गोळ्या ५० मीटरवर मारून पाहतात. जिच्या सगळ्या गोळ्या एकाच भोकातून गेल्यासारख्या दिसतात ती पसंत. पसंत पडली की त्याच क्रमांकाच्या हजारो गोळ्या एकदम उचलायच्या, कारण ती घाणी संपली की संपली. या गोळ्या आवाजाच्या वेगापेक्षा मुद्दाम हळू ठेवलेल्या असतात. आवाजाची भिंत ओलांडताना आणि पुन्हा खाली उतरताना गोळी डगमगते म्हणे. इतकं सगळं जुळवून, विमानाचं भाडं भरून, माणूस रेंजवर येतो आणि शेजारच्याला खोकला आला म्हणून नऊ मारतो.

कोटाचं सांगायचं राहिलं. नेमबाजाचा कोट जाड कॅनव्हास आणि चामड्याचा असतो, विजार तशीच. बुटांचा तळ सपाट. कोट इतका ताठ की माणूस आत नसला तरी तो उभा राहील. पण कोट जास्तच ताठ होऊन त्यानंच नेम धरू नये म्हणून पंच त्याची जाडी मोजतात: एका थराला अडीच मिलिमीटर, वर नाही. बुटाचा तळही किती वाकतो ते यंत्रावर पाहतात. हा पोशाख युरोपातल्या थंड हवेत कसा वाटतो माहीत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, कूलरचं पाणी उकळायच्या बेतात असतं, आणि भाचा आतून बनियन, वरून स्वेटर, त्यावर तो कोट चढवून ओसरीवर दीड तास उभा राहतो. काका एकदा वावरातून परतताना हे दृश्य पाहून थांबले. “आम्ही उन्हात पोटासाठी मरतो,” ते म्हणाले, “तू कायच्यासाठी?” भाच्यानं मान हलवली नाही. मान हलवली की गालाची पट्टी सुटते.

आणि इथेच मला या खेळाचं मर्म सापडलं असं वाटतं. बाकीच्या सगळ्या खेळांत माणसानं हलायचं असतं. इथे न हलण्याचे गुण. महाराष्ट्राला रायफलीत इतकं यश का, याचं कारण लोक शिवकाळात शोधतात. मला ते आपल्या सरकारी कचेऱ्यांत आणि एसटी स्टँडांवर सापडतं. अंजली भागवत २००२ मध्ये म्युनिकला ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरली; त्याच म्युनिकला २०१० मध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली; २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोत दहा मीटरमध्ये. ही सगळी उभी राहायला शिकलेल्या प्रांताची माणसं. खिडकी उघडेपर्यंत, गाडी लागेपर्यंत, साहेब जेवून येईपर्यंत. वाशीम तर या बाबतीत बराच पुढारलेला जिल्हा असावा. १९९८ मध्ये अकोल्यातून फुटून वेगळा जिल्हा झालो. ब्रॉडगेज गाडी दिसायला आणखी दहा वर्षं गेली, आणि त्या दहा वर्षांत आम्ही मानसुद्धा हलवली नाही. आता समृद्धी महामार्गानं कारंजा-मालेगावकडून गाड्या भरधाव जातात, त्याचा पुढच्या पिढीच्या नेमावर वाईट परिणाम होईल अशी मला भीती आहे.

या खेळाची देशातली संघटना नॅशनल रायफल असोसिएशन, १९५१ ची. पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, पुढे लोकसभेचेही पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावानं अजून राष्ट्रीय स्पर्धेआधीची निवड स्पर्धा होते. दिवसभर सभासदांना ‘कृपया खाली बसा’ म्हणून सांगावं लागणाऱ्या माणसानं, जिथे सगळे आपण होऊन गप्प उभे असतात असा खेळ निवडावा, यात मला फार मोठी समजूत दिसते.

गप्प राहणं मात्र विकत आणता येत नाही. अभिनव बिंद्रानं बीजिंगच्या आधी, तिथल्या अंतिम फेरीच्या प्रचंड दालनाची सवय व्हावी म्हणून लग्नाचा हॉल भाड्यानं घेऊन त्यात सराव केला होता, आणि २००८ मध्ये सुवर्ण आणलं. हे ऐकून भाच्यानं गावातल्या एका मंगल कार्यालयात चौकशी केली. मालकानं दर सांगितला, जेवणाची ताटं किती ते विचारलं, आणि मुलीकडचे कोण म्हणून वही उघडली. भाचा म्हणाला, मी एकटाच येणार आहे. मालकानं वही मिटली.

अशा वेळी मी भाच्याला मॅट एमन्सची गोष्ट सांगतो. आजीलाही ती आवडते, म्हणून परवा पुन्हा सांगितली. हा अमेरिकन. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकाआधी कोणीतरी त्याची रायफल मुद्दाम बिघडवून ठेवली. एवढी मापून जुळवलेली रायफल! त्यानं सहकारी मुलीची रायफल उसनी घेतली आणि पालथं पडून मारायच्या प्रकारात सुवर्ण जिंकलं. (इथे भाच्याचा चेहरा पडतो, कारण स्क्रूंचं महत्त्व एकदम कमी होतं.) मग थ्री पोझिशनची अंतिम फेरी. शेवटची एक गोळी उरली, पठ्ठ्या तीन गुणांनी पुढे. त्यानं शांतपणे नेम धरला, मारली, ८.१ लागली. सुवर्णाला तेवढी पुरेशी होती. पण पडद्यावर त्याच्या नावापुढे काहीच उमटेना. तो पंचांकडे पाहतो, पंच एकमेकांकडे पाहतात. उभा होता दोन नंबरच्या जागेवर, आणि गोळी घातली होती तीन नंबरच्या, शेजारच्या ऑस्ट्रियन माणसाच्या लक्ष्यात. शून्य गुण. पहिल्याचा एकदम आठवा. सुवर्ण चीनच्या जिया झानबोला.

“शेजारच्याच्या वावरात पेरलं म्हना ना,” आजी म्हणाली.

त्याच रात्री तो उदास बसलेला असताना चेकोस्लोव्हाकिया फुटून झालेल्या चेक देशाची एक नेमबाज मुलगी त्याचं सांत्वन करायला आली. कातेरजिना कुर्कोव्हा. २००७ मध्ये दोघांचं लग्न झालं. २००८ ला बीजिंगमध्ये ऑलिंपिकातलं अगदी पहिलं सुवर्ण तिनं घेतलं, आपल्या दहा मीटर एअर रायफलमध्ये. आणि त्यानं? थ्री पोझिशनमध्ये पुन्हा शेवटची गोळी, पुन्हा पठ्ठ्या पुढे, साधे सात गुण पुरले असते, तर बोट चापाला वेळेआधी लागलं आणि ४.४ गेली. चौथा.

आजी बराच वेळ सुपारी कातरत राहिली.

“ते पह्यली गोळी चुकली तवा,” तिनं विचारलं, “थे पोरगी तीन नंबरावर उभी होती काय?”

“नाही आजी, ती खेळत नव्हती. चेक टीव्हीसाठी समालोचन करत होती.”

“मंग टीवीवाल्याईकडं पाह्यत असंन तो,” आजी म्हणाली, आणि भाच्याकडे वळली. “तू पन जरा इकडं-तिकडं पाह्यत जा बापा. सदा न कदा त्या ठिपक्याकडंच.”